तुंबलेली शीर

डोळ्यांच्या डॉक्टरने आधी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, तर चमकू नका. तो योग्य ठिकाणीच शोधतोय.

माझे सांगलीचे काका हळदीचे अडते. हळकुंड मोडून आतल्या रंगावरून भाव सांगणारा माणूस. सगळं भांडवल नजरेत. एका सकाळी उजव्या डोळ्याला खालचा भाग धुरकट दिसायला लागला. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कसला आजार?" म्हणत दोन दिवस त्यांनी ड्रॉप्सवर काढले. शेवटी मी साताऱ्याहून गेले आणि त्यांना रेटिना स्पेशालिस्टकडे नेलं. बीपी निघालं १८०/११०. रेटिनाची एक शीर तुंबली होती.

तुंबते कशी? रेटिनात धमनी जिथे शिरेला ओलांडते, तिथे दोघींना वेष्टण एकच. वर्षानुवर्षांच्या बीपीने धमनी जाड, कडक होते आणि शेजारच्या मऊ शिरेला दाबते. रक्त रेंगाळतं, गुठळी होते. पुढे वाट नाही, मग रक्त आणि पाणी मागे झिरपतं आणि नजरेचा मधला नाजूक भाग सुजतो. काकांना हे लगेच पटलं. पुढे पाणी सरलं नाही की ते घरात शिरतं, हे २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला काय सांगायचं!

बीपी हा पहिला संशयित. मग डायबेटिस, कोलेस्टेरॉल, सिगारेट, काचबिंदू. तरुण पेशंट असेल तर रक्त गोठण्याचे दोषही तपासतात. काकांसाठी आणलेल्या मशीनवर घरात सगळ्यांनीच हात पुढे केले. पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ, वय २९, जिम लावलेला : १५०/१००. "कॉफी जास्त झाली असेल," म्हणे. दुसऱ्या दिवशी, बिनकॉफीचं, १४८/९८.

एक डोळा अचानक पूर्णच काळोखला, तर मात्र धमनी बंद झालेली असू शकते. हा पक्षाघाताचाच सख्खा भाऊ. तेव्हा ड्रॉप्स नाहीत, उद्या नाही. त्याच मिनिटाला मोठं हॉस्पिटल.

काकांना डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. (ऐकायला भयंकर, पण थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि काही मिनिटांत उरकतं.) दर महिन्याला एक, अशी काही झाल्यावर सूज उतरली, पेपरातली अक्षरं परत आली. खालचा धूसर पट्टा राहिलाच. कारण इंजेक्शन सूज उतरवतं. बीपीला ते हातही लावत नाही. डावा डोळा सांभाळायचा तर रोजची गोळी आणि मीठ कमी. डोळ्यात सुई जाताना हूं की चूं न केलेले काका, ताटातला खर्डा आणि लोणचं गेल्यावर मात्र खरंच रडकुंडीला आले.