मंगळावरच्या कोरड्या पात्रात

महापूर ओसरल्यावर नदीचं पात्र पाहिलंय कधी? गोल गोटे, एकाच बाजूला कललेले धोंडे, मधेच मातीचे पट्टे. तशाच एका पात्रात आज मी तुम्हाला फिरायला नेणार आहे. स्वेटर जरा जाडच घ्या हं! दुपारी उणे १० आणि पहाटे उणे ७५ अंश सेल्सिअस अशी तिथली हवा. प्राणवायूचं नळकांडंही लागेल. आपण निघालोय मंगळावर, आरेस व्हॅलिस नावाच्या दरीच्या तोंडाशी.

पाणी शोधू नका. इथून प्रचंड लोंढे वाहिले त्याला अब्जावधी वर्षं झाली. त्यांनी दूरदूरचे दगड आणून टाकले, ते मात्र अजून तसेच पडलेत. पलीकडे दोन टेकड्या दिसतात ना? त्यांना 'ट्विन पीक्स' म्हणतात. आणि अलीकडे तीन पाकळ्या उघडून बसलंय ते 'मार्स पाथफाइंडर' यान. ४ जुलै १९९७ ला ते इथं उतरलं. उतरलं कसलं, आपटलं म्हणा!

त्याचं असं झालं. १९७६ साली अमेरिकेची दोन 'व्हायकिंग' यानं मंगळावर उतरली होती. आधी ग्रहाभोवती फिरून जागा पाहायची, मग रडार आणि कमीजास्त होणारी इंजिनं वापरून तीन पायांवर अलगद टेकायचं. खर्च सुमारे १०० कोटी डॉलर! एवढं करून पोटाखाली मोकळी जागा जेमतेम २२ सेंटिमीटर. पहिल्या व्हायकिंगपासून दहाएक मीटरवर दोन मीटर रुंदीचा धोंडा निघाला. त्याच्यावरच पाय पडला असता तर?

पाथफाइंडरच्या वेळी नासानं बजावलं, यान बनवायला १५ कोटी डॉलरच मिळतील. छोट्या गाडीचे अडीच कोटी वेगळे. (उड्डाण वगैरे धरून सगळा खर्च साडेसव्वीस कोटींच्या आसपास गेला.) मग शास्त्रज्ञांनी काय केलं? ग्रहाभोवती घिरट्या रद्द. पाय रद्द. यानाला चहूबाजूंनी हवेच्या पिशव्या लावल्या आणि सोडून दिलं!

आमच्या शाळेत आम्ही एक खेळ घेतो. कच्चं अंडं गच्चीवरून टाकायचं, ते फुटता कामा नये आणि खर्च वीस रुपयांच्या आत. एकदा चौथीतल्या एका मुलीनं अंड्याभोवती फुगे बांधले. अंडं टुणटुण उड्या मारत कुंडीपाशी जाऊन थांबलं, शाबूत! हिशेब बारा रुपये. नंतर हळूच म्हणाली, "बाई, घरी आधी चार अंडी फुटली, ती नाही धरली."

खरा खर्च तिथंच असतो बरं का. पाथफाइंडरच्या पिशव्या ओहायो राज्यातल्या एका प्रचंड निर्वात दालनात दगडांवर आपटून पाहिल्या. फाटल्या. कापडाचे थर वाढवले, पुन्हा आपटल्या. अर्धा मीटर उंच दगडावर पडलं तरी निभावेल, इतकं झाल्यावरच काम थांबलं. म्हणून तर अशा खडकाळ पात्रात यायची हिंमत झाली.

यान आलं तेव्हा इथं पहाटेचे तीन वाजले होते. मंगळाची हवा इतकी विरळ की नुसत्या हवाई छत्रीनं भागत नाही, म्हणून शेवटी तीन छोटे अग्निबाण पेटले. तरी ताशी पन्नासेक किलोमीटर वेगानं धडक बसलीच. पहिली उडी तीन-चार मजली घराएवढी! अशा निदान पंधरा उड्या मारून ते थांबलं, तेही सुलटं.

पण काटकसर नेहमी अशी फळत नाही. ३ डिसेंबर १९९९ ला 'मार्स पोलर लँडर' मंगळावर उतरताना हरवलं. त्याला पाय होते. वाटेत पाय उघडताना बसलेला हिसका यानाला जमीन लागल्यासारखा वाटला असावा आणि चाळीसेक मीटर उंचीवरच इंजिनं बंद पडली असावीत, असं चौकशीत निघालं. पायांच्या चाचणीत तारा चुकीच्या जोडल्या होत्या. त्या नीट केल्या, पण चाचणी पुन्हा घेतलीच नाही! मला विचाराल तर ही काटकसर नव्हेच.

आणि पिशव्याही सगळ्यांना चालत नाहीत. २०१२ साली आलेली 'क्युरिऑसिटी' गाडी सुमारे ९०० किलोची. तिला दोरांनी खाली सोडावं लागलं. ती मोहीम २५० कोटी डॉलरची.

आता ही इवलीशी गाडी बघा. साडेदहा किलो वजन, ६५ सेंटिमीटर लांबी, नाव 'सोजर्नर'. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रुथ यांचं हे नाव निबंधस्पर्धेत एका बारा वर्षांच्या मुलीनं सुचवलं. उतरण्यासाठी दोन घसरगुंड्या होत्या. पुढची अधांतरी राहिली, म्हणून ती मागच्या घसरगुंडीवरून उतरली. दुसरी घसरगुंडी कुणी खर्चातून कापली नाही, हे बरंच झालं. तो मोठा दगड 'योगी'. आपल्याला साधू आठवतो, पण हे नाव एका कार्टूनमधल्या अस्वलाचं!

सात दिवस चालली तरी पुरे, अशा बेतानं बनवलेली सोजर्नर ८३ दिवस राबली. २७ सप्टेंबर १९९७ ला यानाशी शेवटचं बोलणं झालं. सोजर्नर पृथ्वीशी बोलायची ती यानामार्फतच. यान गप्प झालं तर त्याच्याजवळ परत ये आणि त्याच्याभोवती फिरत राहा, असं तिला आधीच शिकवून ठेवलं होतं.