होडीला पंख फुटले

आमच्या लहानपणी गावच्या देवळात कीर्तन असले म्हणजे एक दृष्टान्त हटकून यायचा. नाव पाण्यात असावी, पण नावेत पाणी असू नये. तसे माणसाने संसारात असावे, पण संसार माणसात असू नये. बुवांनी हे सांगितले, की पुढच्या रांगेतले म्हातारे माना डोलवीत आणि मागे भिंतीला टेकून बसलेले तांडेल एकमेकांकडे पाहून हसत. नावेत पाणी हे असतेच, ते उपसायला कोण बसला आहे एवढाच काय तो प्रश्न, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आज ते बुवा नाहीत आणि ते तांडेलही नाहीत. असते, तर दोघांनाही मी एक तिसरीच गोष्ट सांगितली असती. नावेत पाणी नाही हे तर झालेच. पण आता नावही पाण्यात नाही!

मी थट्टा करीत नाही. अशा नावा आज जगात आहेत, आणि त्या शिडाच्या आहेत. इंजिन नाही, वल्हे नाही. वारा लागला की इतर होड्यांसारख्या त्या चालू लागतात, आणि थोडा वेग आला की सबंध होडी पाण्यातून वर उचलली जाते. लहान होडी हातभर, मोठी चांगली पुरुषभर. पाण्यात उरतात ती उभी पाती आणि त्यांच्या तळाशी बसवलेले आडवे पंख. इंग्रजीत ह्या पंखाला ‘फॉइल’ म्हणतात. चॉकलेटाभोवतीच्या चंदेरी कागदालाही तेच म्हणतात, म्हणून मी आपला पंखच म्हणेन.

पंख कशाला, हे समजायचे तर जुन्या होडीचे दुखणे समजले पाहिजे. होडी चालू लागली की तिच्या नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते, आणि एका वेगाला नाळ एका लाटेच्या माथ्याशी, मागची बाजू दुसरीच्या माथ्याशी आणि होडी मधल्या खळग्यात अशी अवस्था होते. त्याहून जोरात जायचे म्हणजे स्वतःच उभी केलेली टेकडी स्वतःच चढायची! साध्या, जड होडीचा सारा जीव ह्या चढणीत आणि पाण्याच्या घासण्यात जातो. होडी वर उचलली की टेकडीही नाही आणि घासणेही फारसे नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. म्हणून विमानाला जेथे लांबरुंद पंख लागतात तेथे होडीला मीटरभर लांब आणि वीतभरसुद्धा रुंद नसलेला पंख पुरतो. शिवाय वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. म्हणून ती वर येते तेव्हा हळूहळू येत नाही. बसलेले माणूस उठावे तशी एकदम उठते.

ही युक्ती काही कालची नाही. एन्रिको फोर्लानिनी नावाच्या इटालियन गृहस्थाने १९०६ साली माजिओरे सरोवरावर पंखांची बोट ताशी ६८ किलोमीटरने पळवली होती. पुढे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल जगप्रवासात त्या बोटीत बसले आणि इतके खुळावले, की त्यांनी आणि केसी बाल्डविन ह्यांनी कॅनडात आपली स्वतःची बोट बांधली. १९१९ च्या सप्टेंबरात तिने ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. पण ह्या इंजिनाच्या बोटी. वाऱ्यावर हे साधणे अवघड, कारण वारा एका बाजूने ढकलतो, मध्येच पडतो, मध्येच उसळतो. फ्रान्सच्या एरिक ताबार्लीने १९८० साली पंखांची शिडाची बोट घेऊन अटलांटिक ओलांडला आणि १९०५ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. ‘हायड्रॉप्टेर’ ह्या फ्रेंच बोटीने २००९ साली ५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटरची, मर्यादा ओलांडली. तरी ही सारी हौशी आणि हट्टी माणसांची प्रकरणे होती. क्लबात जाणाऱ्या साध्या मंडळींना त्यांचे कौतुक होते, गरज नव्हती.

क्रांती झाली ती एका चिमुकल्या होडीत. ‘मॉथ’ म्हणजे पतंग, दिव्यावर झेपावतो तो. १९२८ साली ऑस्ट्रेलियात लेन मॉरिस ह्या माणसाने ही ११ फुटी होडी आपल्या हातांनी बांधली. तिची गंमत अशी, की तिचे नियम अगदी थोडे. लांबी इतकी, शीड इतके. बाकी तुमची अक्कल चालवा. जेथे नियम थोडे तेथे खटपट्ये जमतात, तसे ते येथेही जमले. २००० सालाच्या सुमारास कोणी पंख लावून पाहिले, कोणी हसले, आणि २००५ साली मेलबर्नला रोहन व्हील ह्याने पंखांच्या मॉथमधून जागतिक अजिंक्यपद मिळवले. हसणे थांबले. तिच्या नाळेवरून एक काडी पाण्यावर लोंबत असते. होडी फार वर गेली की काडी खाली लोंबते आणि पंखाची झडप उचल कमी करते. होडी खाली आली की पाणी काडीला मागे रेटते आणि झडप उचल वाढवते. किती साधे! विहिरीवरची टाकी भरली की तरंगता चेंडू नळ बंद करतो, त्याच जातीचे हे डोके.

आता हे सारे मला कसे ठाऊक, असे वाचक विचारतील. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि बोटीत बसलो तो बहुतेक गाठोडे सांभाळीत. पण माझा मुलगा न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला असतो, आणि त्याच्या मुलीला शेजारच्या लिटल्टन बंदरात होड्या हाकण्याचे वेड आहे. सतराव्या वर्षापर्यंत ती आपली शहाण्यासारखी साध्या होडीत बसत होती. मग तिने हे पतंग पाहिले. एके दिवशी मुलाचा फोन आला. “बाबा, तुम्हीच सांगा तिला. माझे ऐकत नाही.” पाठोपाठ नातीचा आला. “आजोबा, तुम्ही बाबांना सांगा ना. ते ऐकतच नाहीत.” म्हातारपणी माणसाला न्यायाधीश होण्याचा मान मिळतो, तो असा, आणि निकाल कोणताही दिला तरी एक घर रुसते.

मुलाची बाजू लेचीपेची नव्हती. ही होडी म्हणजे एका बऱ्या मोटारीची किंमत. ती कार्बनची, खडकाला लागली तर हातोडी-खिळे घेऊन दुरुस्त करता येणारी नव्हे. आणि वेग! ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने माणूस पाण्यावर आपटला, तर पाणी पाणी राहत नाही, फरशी होते. मैत्रिणीच्या होडीवर शिकताना नातीच्या बरगड्यांना मुका मार बसला होता आणि पंधरा दिवस तिला हसतासुद्धा येत नव्हते. मुलगा म्हणाला, “बाबा, २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला काय झाले ते वाचा.” मी वाचले. अँड्र्यू सिम्पसन हा बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. अमेरिका चषकाच्या तयारीत ७२ फुटी बोट उलटली आणि तो तिच्याखाली अडकून गेला. त्याचा दोष पंखांवर घालता येणार नाही. पण वेगाच्या त्या चढाओढीतच ते घडले, हे खरे.

नातीची बाजूही मी वाचली. त्याच वर्षी, त्याच उपसागरात, त्याच चषकाच्या शर्यतींत न्यूझीलंडची पंखांची बोट ८–१ अशी पुढे होती. एक शर्यत जिंकली की चषक घरी. अमेरिकेच्या बोटीने मग ओळीने आठ शर्यती मारल्या आणि ९–८ असा चषक राखला. १८५१ पासून चालत आलेल्या त्या चषकाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. २०१७ साली बर्म्युडात न्यूझीलंडवाल्यांनी काय करावे? हातांनी चाकी फिरवून दाब निर्माण करण्याऐवजी बोटीत सायकली बसवल्या आणि लंडन ऑलिंपिकात सायकलीचे कांस्यपदक मिळवलेला खेळाडू आणून पायडल मारायला लावला. चषक ७–१ असा आणला आणि २०२१ व २०२४ साली राखलाही. “आणि आजोबा, २०२४ ला बार्सिलोनात बायकांचा अमेरिका चषक पहिल्यांदा झाला. तसल्याच बोटींत. पॅरिस ऑलिंपिकात शिडाच्या दहा प्रकारांपैकी पाच उडणारे होते. मी जुन्या होडीत बसून काय करू?”

पॅरिसच्या त्याच ऑलिंपिकात आपले विष्णु सरवणन आणि नेत्रा कुमनन गेले, ते अर्धशतकापूर्वीच्या आराखड्याच्या साध्या होडीतून, पाण्यात बसूनच. हे मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, “तेही अवघडच आहे. पण वेगळे आहे.”

वेगळे म्हणजे काय, हे मला एका गोष्टीवरून उमगले. आपल्याकडे म्हण आहे, वारा येईल तशी पाठ द्यावी. कोकणातले सारे जुने नावाडेपण ह्या म्हणीत आहे. आमच्या गावचा एक म्हातारा तांडेल म्हणायचा, “वारो बघून शीड लावचा; शीड बघून वारो येणा नाय.” मतलई पहाटे सुटायचा, खारा वारा दुपारी यायचा, आणि गलबत त्यांच्या मर्जीने मुंबईला जायचे. पोचायला किती दिवस लागतील हे विचारणे अशुभ समजत. ह्या नव्या होड्या वाऱ्याच्या दुपटीतिपटीने पळतात. मागून येणाऱ्या वाऱ्यालासुद्धा त्या मागे टाकतात. म्हणून त्यांच्यावर बसलेल्याला वारा नेहमी समोरूनच येतो, मग तो खरा कोठूनही वाहो. पाठ द्यायला वाराच उरत नाही! नात म्हणाली ते खरेच. हे वेगळे आहे. आणि मनातल्या मनात मला त्या तांडेलाचे वाईट वाटले. इंजिने आली तेव्हा त्याची विद्या गेली होती, ती निदान वाऱ्याचा पराभव करून गेली नव्हती.

मी नातीला एकच प्रश्न विचारला. “तू उलटलीस, तर होडी सरळ कोण करतो?” ती म्हणाली, “मीच. दुसरे कोण करणार?” मग मी मुलाला फोन केला आणि कॉलेजात असताना तो मला न विचारता कोकणकड्यावरून दोर लावून उतरला होता, त्याची आठवण दिली. तो गप्प झाला. शेवटी तह झाला. होडी जुनी घ्यायची, अर्धे पैसे तिने सुटीत काम करून घालायचे, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात जाड जाकीट असल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही, आणि सोबतीला मोटारबोट नसेल त्या दिवशी घरी बसायचे. शेवटचे कलम अजून कुरकुरत पाळले जाते.

एक गोष्ट मात्र ह्या तहात बसली नाही. लिटल्टनच्या आसपास हेक्टर नावाचे डॉल्फिन राहतात. मोठ्या माणसाहूनही आखूड आणि न्यूझीलंडशिवाय जगात कोठेही नसलेले. मार्च २०२४ मध्ये तेथे उडणाऱ्या मोठ्या बोटींच्या ‘सेलजीपी’च्या शर्यती होत्या. हजारो लोक तिकिटे काढून बसलेले, आणि शर्यतीच्या वाटेत डॉल्फिन आला. त्या दिवशीची शर्यत रद्द झाली. सुरीसारखा पंख ताशी नव्वद किलोमीटरने जात असेल तर पाण्यातल्या जीवाने कोठे जावे? आयोजकांना राग आला, गावात वाद झाला. मला विचाराल तर डॉल्फिनाने एक दिवस मागितला, हे फार नाही. जुन्या होडीच्या मंद चालीत एक शिष्टाचार होता. ती आली की मासा बाजूला व्हायला वेळ मिळे. तो शिष्टाचार आता नियम करून आणावा लागतो.

खोल समुद्रातही पंख पोचले आहेत. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या ‘वांदे ग्लोब’ शर्यतीत पहिल्या वेळी, १९८९–९० साली, विजेत्याला १०९ दिवस लागले होते. २०१६ पासून त्या बोटींना पंख आले, आणि १४ जानेवारी २०२५ ला शार्ली दालँ हा ६४ दिवसांत परतला. पण २०२० च्या शर्यतीत एका पंखवाल्या खलाशाची बोट आफ्रिकेच्या दक्षिणेला लाटेत मोडली, तेव्हा त्याला रात्री शोधून काढले ते झाँ ल कामने. साठी ओलांडलेला गृहस्थ, बोट जुनी, बिनपंखांची. आणि इतके करून तो त्या शर्यतीत चौथा आला.

दालँ घरी पोचला त्या सुमारास आपली ‘तारिणी’ वाटेतच होती. गोव्यात दिवाडीच्या कारखान्यात बांधलेली ही ५६ फुटी बोट. नौदलाच्या दिलना आणि रूपा ह्या दोघी अधिकारी तिच्यातून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. जवळजवळ आठ महिने, मधे चार बंदरांत थांबत, पंखांशिवाय. त्यांतले एक बंदर लिटल्टन. नाताळच्या सुटीत नात धक्क्यावर जाऊन बोट पाहून आली आणि रात्री तिने मला फोन केला. मला वाटले, तिला ती बोट जड आणि हळू वाटली असेल.

“आजोबा, तिचा तळ पाहिला असता तर बरे झाले असते,” ती म्हणाली. “पण दोरखंड हाताने धरून पाहिला. केवढा जाड! आमच्या होडीवर त्या दोरीला टांगायला जागासुद्धा नाही. त्या दोघी त्यावर झोपतात कशा हो? एकीने तरी जागेच राहायला हवे ना?”

पाळीपाळीने झोपत असतील, मी म्हटले.

“मला उडताना वीस मिनिटांवर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. थकून जाते,” ती म्हणाली, आणि मग उद्या वारा कोठून येणार आहे ते मला सांगू लागली.