अब्बांची वही आणि बाणाचं टोक

अब्बा कामठीला उर्दू शाळेत शिकले आणि पोटासाठी बपेऱ्याला आले. राईस मिलमध्ये मुनीमकी. येणारे शेतकरी सगळे झाडीबोलीतले. त्यांचं बोलणं कळावं म्हणून अब्बांनी एक वही केली: पऱ्हे, रोवणी, धुरा, असे शब्द उर्दू लिपीत आणि पुढे उर्दूत अर्थ. अब्बा गेले, वही राहिली. माझी मुलगी मराठी शाळेत शिकते. नानांचं अक्षर तिला सुंदर दिसतं, पण वाचता येत नाही. उर्दूच्या मास्तरणीची मुलगी! हे मला बोचत होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी वहीच्या पानांचे फोटो काढले आणि एक वेबपान करायला घेतलं. शब्दावर बोट ठेवलं की बाजूला देवनागरीत शब्द आणि अर्थ दिसावा, एवढंच हवं होतं. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त जागा कळते. म्हणून आधी मीच प्रत्येक शब्दावर माऊस दाबायचा आणि बाणाचं टोक कुठे आहे ते दोन आकडे जपून ठेवायचे, असं ठरवलं. जावास्क्रिप्टमध्ये ते सोपं आहे. क्लिक झालं की ब्राउझर एक इव्हेंट हातात देतो, त्यात क्लायंटएक्स आणि क्लायंटवाय असतात. एक्स म्हणजे आडवं अंतर, वाय म्हणजे उभं. फक्त वाय खाली जाताना वाढतो, नववीच्या आलेखाच्या अगदी उलट.

पान उर्दूचं म्हणून मी त्याची दिशा उजवीकडून ठेवली होती. मजकूर उजवीकडे सरकला, पण एक्स मात्र डावीकडूनच मोजला जात राहिला. मला खरंच राग आला. इथेही आपलं पान उलटंच धरायचं का? अम्मी शेजारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अगं, उर्दूत सन लिहिताना तू कुठून लिहितेस?" बरोबर. वाक्य उजवीकडून येतं, पण 1974 हा आकडा आपणही डावीकडूनच लिहितो. राग तिथेच संपला.

खरी फजिती पुढे झाली. तीन संध्याकाळी बसून मी 214 शब्द नोंदवले. तपासायला बसले तर वरचे शब्द ठीक, आणि खाली सगळा गोंधळ. धुऱ्यावर बोट ठेवलं की बैलाचा अर्थ येई. चूक माझीच. क्लायंटवाय हा पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीच्या वरच्या कडेपासून मोजतात. पान वर सरकवलं की तोच शब्द दुसऱ्या आकड्यावर येतो. सरकलेलं अंतर धरून मोजणारा पेजवाय वेगळा असतो, हे मी वाचलंच नव्हतं. 214 शब्द पुन्हा केले. मुलांना एखादा धडा परत लिहायला सांगताना आता माझा हात जरा आखडतो.

दुसऱ्यांदा शहाणपण केलं. ब्राउझरला फोटोची चौकट सध्या कुठे आहे ते विचारता येतं. तिचा डावा आणि वरचा आकडा क्लायंटएक्स-वायमधून वजा केला की फोटोच्या कोपऱ्यापासूनचं अंतर मिळतं. पण माझ्या संगणकावर फोटो 900 पिक्सेल रुंद, मुलीच्या मोबाईलवर 360. म्हणून आकडा तसाच न ठेवता रुंदीने भागून ठेवला. 900 पैकी 720 म्हणजे 0.8. मोबाईलवर तोच शब्द 288 वर सापडतो. उभ्या अंतराला उंचीने भागायचं.

नस्तालिकने मात्र दमवलं. या वळणात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि उतरत डावीकडे येतो, पावसाच्या तिरक्या सरीसारखा. शब्दाभोवती चौकोन आखला की शेजारच्या शब्दाचं शेपूट त्यात येतं. म्हणून चौकोन सोडून दिले. प्रत्येक शब्दाचा एकच बिंदू ठेवला, आणि बोट टेकलं की सगळ्यात जवळचा बिंदू शोधायचा. आडव्या फरकाचा वर्ग, उभ्या फरकाचा वर्ग, दोन्हींची बेरीज: पायथागोरसच. वर्गमूळ काढायचीही गरज नाही, कारण कोण जवळ एवढंच बघायचं असतं. फार लांब असेल तर काहीच दाखवायचं नाही. मोबाईलला बाण नसतो, पण पॉइंटर इव्हेंट वापरला की माऊस आणि बोट दोघांनाही तोच नियम चालतो.

मुलगी आता रात्री एकेक शब्द दाबते आणि अक्षराकडे बघत मोठ्याने म्हणते. 'धुरा' तिने परवा न दाबता वाचला.

सतराव्या पानावर एका शब्दाच्या शेवटी शाई पसरली आहे. अम्मी म्हणते, 'बांध' आहे. मला शेवटी 'ये' दिसतो, म्हणजे 'बांधी', धानाचा वाफा. अब्बांनी अर्थ लिहिलेला नाही. सध्या त्या जागी बोट ठेवलं की दोन्ही शब्द येतात, मध्ये प्रश्नचिन्ह. तेही उर्दूतलं, उजवीकडे तोंड केलेलं.