ओळंबा

पितळेचा आहे, वरून गोल आणि खाली निमुळता. तळहातात मावतो, पण उचलला की वजन जाणवतं. त्याच्या दोरीत एक लाकडी गट्टू ओवलेला आहे. गट्टूची रुंदी आणि ओळंब्याचा व्यास यांत केसाचाही फरक नाही. गट्टू भिंतीला टेकवायचा, ओळंबा खाली सोडायचा. तो भिंतीला नुसता शिवून थांबला तर भिंत ओळंब्यात आहे. फाकून लोंबला किंवा भिंतीला घासला तर ती कललेली.

माझे आजोबा, आबा, गवंडी होते. सुट्टीत त्यांच्या कामावर गेलो की मला गट्टू धरायला मिळायचा. मी एकदा म्हणालो, “आबा, सरळच आहे की भिंत.” ते म्हणाले, “डोळ्याला दिसती म्हणून सरळ नसती बाळा. खाली सोड, मग बोल.” ओळंबा खाली सोडला. भिंत बोटभर बाहेर गेली होती. संध्याकाळच्या आत त्यांनी वरचे चार थर उतरवले. त्या उतरवलेल्या विटा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आबा गेले तेव्हा मी कोल्हापुरात मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो. थापी, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा असं सगळं एका गोणपाटात बांधून माझ्याकडे आलं. पुढे बरीच वर्षं त्याला हात लागला नाही.

त्या वर्षांत माझ्या आयुष्यात मारुती 800 होती. आधी काकांची, मग माझी. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी बाजारात आली आणि तिने आपल्याकडच्या किती घरांना चाकं दिली हे सांगायला नको. मला मात्र तिच्या पुढच्या चाकांमागची रचना आवडायची. तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने ती आणली. फोर्डच्या फ्रान्समधल्या व्हेडेट या गाडीवर ती 1949 मध्ये दिसली. शॉकअप हाच चाकाला वरून धरून ठेवणारा खांब, आणि खाली एक आर्म. सांधे कमी, खर्च कमी, आणि मध्ये आडवं इंजिन बसायला जागा मोकळी. मारुतीत तर काटकसर आणखी पुढे गेली होती. खालच्या आर्मला पुढे-मागे हलू न देण्याचं काम वळणात गाडीचं कलणं रोखणारा अँटी-रोल बारच करायचा. एका दांड्याने दोन कामं. रस्त्यावरच्या गाडीसाठी याहून शहाणी रचना मला माहीत नाही.

2006 मध्ये आम्ही तिघांनी एक जुनी 800 ट्रॅकसाठी उघडली. आतलं सगळं काढलं, पिंजरा वेल्ड केला, तेरा इंची चाकं घातली आणि स्प्रिंग बदलून गाडी 45 मिलिमीटर खाली बसवली. खाली बसलेली गाडी वळणात कमी कलते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती ट्रकमध्ये घालून कोईमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर नेली. हा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. गिरणी चालवणाऱ्या घरातल्या या माणसाने मारुतीचंच इंजिन घालून सिंगल-सीटर रेसगाड्या बनवल्या आणि कितीतरी पोरांना रेसिंगची वाट मोकळी केली. 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले. त्या फाटकातून आत जाताना मी मनोमन हात जोडले.

गाडी वाईट चालली. पूर्वीपेक्षा जास्त कलत होती. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात वळवळायचं. दहा चकरांनंतर टायरवर हात ठेवला तर बाहेरची कड पोळत होती आणि रबर लोकरीसारखं सुटलं होतं. आतली कड जेमतेम कोमट. म्हणजे वळणात चाक वरून बाहेर कलत होतं आणि टायर फक्त कडेवर उभा होता. चूक आमची होती आणि ती आम्ही पाहिलेलीच नव्हती.

परत आल्यावर गोणपाट सोडलं.

आधी पाणसळ. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पाहिलं तर शेडच्या शहाबादी फरशीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत 11 मिलिमीटरचा उतार निघाला. चाकांखाली पत्र्याचे तुकडे रचून गाडी पातळीत आणली. पंखा बंद केला, वारा येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलं. आर्मच्या आतल्या बुशच्या बोल्टपासून ओळंबा सोडला. तो झुलत राहतो, घाई करून चालत नाही. टोक स्थिर झालं की त्याखाली खडूने फुली मारायची आणि दोरीची लांबी टेपने मोजायची. मग बॉल जॉइंट, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्ट्रटचं वरचं माउंट. रात्री दीडपर्यंत फरशीवर फुल्या उमटत होत्या. वरच्या माउंटची फुली आणि बॉल जॉइंटची फुली यांच्यातलं आडवं अंतर म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा आतला कल, मागचं-पुढचं अंतर म्हणजे कॅस्टर. पुस्तकात वाचलेले शब्द असे फरशीवर, खडूत, पहिल्यांदा दिसले.

त्या मापांवरून हार्डबोर्डवर खऱ्या आकारात रेषा ओढल्या. आर्मची रेषा आत वाढवायची, स्ट्रटच्या माथ्यावरून त्याला काटकोनात दुसरी रेषा ओढायची. दोन्ही जिथे मिळतात त्या बिंदूभोवती चाक त्या क्षणी फिरत असतं. तिथून टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंत रेषा ओढली की ती गाडीच्या मध्यरेषेला ज्या उंचीवर छेदते ते रोल सेंटर. गाडीचं अंग कलतं ते याच्याभोवती. मूळ गाडीत आर्म जवळपास आडवा होता आणि हा बिंदू जमिनीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर. आम्ही गाडी खाली घेतल्यावर आर्मचं आतलं टोक बाहेरच्यापेक्षा खाली गेलं, दोन्ही रेषा समांतर व्हायला आल्या, आणि रोल सेंटर जमिनीच्या नऊ सेंटिमीटर खाली जाऊन बसलं. गाडीचा गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटर उतरला, रोल सेंटर तेरा. दोघांमधलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी तरफ. ती आम्ही स्वतःच्या हातांनी लांब केली होती.

मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, सांध्यांच्या जागी टाचण्या टोचल्या आणि चाक वरखाली करून पाहिलं. बॉल जॉइंटची पिन 30 मिलिमीटर लांब केली, आतला बुश 10 मिलिमीटर वर घेतला, तर रोल सेंटर पुन्हा जमिनीच्या वर दोन सेंटिमीटरवर आलं. तेरा इंची रिममुळेच ही 30 मिलिमीटरची जागा मिळाली. अँटी-रोल बारचं दुहेरी काम थांबवलं आणि आर्म त्रिकोणी केला. त्यामुळे कॅस्टर हवा तेवढा घेता आला. कॅस्टर वाढला की चाक वळवल्यावर बाहेरचा टायर वळणाच्या आत झुकतो, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

पिन लांब केली की तिच्यावर वाकवणारा जोर वाढतो. म्हणून ती ईएन 24 पोलादाची केली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरने मुळाशी नीट गोलाई ठेवून लेथवर उतरवली, हीट ट्रीटमेंट केली, भेगांसाठी डाय लावून तपासली. या कामात कुणी ‘चालतंय’ म्हणाला तर त्याच्या दारातून परत यावं.

स्टिअरिंगच्या वळवळीचं कारण टाय रॉड होता. स्प्रिंग काढून चाक जॅकने थोडं थोडं वर नेलं, डायल गेज लावला. 25 मिलिमीटरला टायरचं तोंड अडीच मिलिमीटर बाहेर वळत होतं. टाय रॉडचं बाहेरचं टोक शिम घालून खाली घेतलं. एक शिम, पुन्हा मोजणी, दुसरा शिम, पुन्हा मोजणी. दोन रविवार गेले. काटा हलेनासा झाला तेव्हा आम्ही तिघंही गप्प बसून त्याच्याकडे पाहत राहिलो.

पुढच्या खेपेला कारीवर तीच गाडी ब्रेकमध्ये सुतासारखी सरळ गेली. टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरम होती, जशी असावी तशी. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, उणे अडीच अंश. आबांच्या भिंतीला तो शून्यच लागायचा. धावत्या चाकाला मात्र उभं असताना आधीच झुकवून ठेवावं लागतं, तेव्हा ते वळणात सरळ होतं. ओळंब्याशिवाय अडीच अंशांची चूक आणि अडीच अंशांचा हिशेब यांतला फरक मला कळला नसता.

आता पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजची पोरं रेसगाडी बनवतात. रोल सेंटर ती संगणकावर सेकंदात काढते आणि चाक वरखाली होताना ते कसं सरकतं तेही दाखवते. पण वेल्डिंग झालेली चासी आराखड्याबरहुकूम आहे की नाही हे संगणक सांगत नाही. गेल्या दिवाळीत तिने ओळंबा मागून नेला. दोरी नवी घातली आहे. गट्टू आबांचाच आहे.