बाद झालेला गडी

माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचे त्याला लागलेले वेड इकडे वरकुट्यापर्यंत येऊन पोहोचते. तो फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळावयाचा चेंडू नव्हे. लंबगोल चेंडू पोटाशी धरून, अंगावर येणाऱ्या गड्यांना चुकवीत पुढे धावावयाचे. विद्यार्थ्यांचा खेळ, पण एक लाखाहून अधिक माणसे बसतील एवढे त्यांचे क्रीडांगण! २०२३ च्या हंगामात या विद्यापीठाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले. तो पराक्रम सांगून झाल्यावर त्याने सहज विचारले, “काका, तुमच्या कबड्डीच्या संघाने हंगामात किती सामने जिंकले होते?”

“एक,” मी म्हणालो.

तो हसला, मीही हसलो. पण फोन खाली ठेवल्यावर तो हंगाम काही केल्या मनातून जाईना.

१९८३ साली मी बारामतीच्या एका महाविद्यालयात होतो. संघात आम्ही बाराजण. सात मैदानात उतरत, पाच राखीव म्हणून रेषेबाहेर बसत. त्या पाचांत मी पाचवा! सराव आटोपून शेवटची एस.टी. गाठावी, तो घरी पोहोचावयास रात्र होई. दिवस ज्वारीच्या पेरणीचे. माझ्या जागी आबा रोजाने गडी लावीत. घरात पैसा किती होता, हे मला ठाऊक होते. तरी मी सराव सोडला नाही, आणि आबांनीही ‘सोड’ म्हणून कधी म्हटले नाही.

अखेरच्या सामन्यात आमचा एक खेळाडू जायबंदी झाला आणि मला उतरविण्यात आले. मैदानात आम्ही दोघेच उरलो असताना माझ्यावर चढाईची पाळी आली. “कबड्डी, कबड्डी” म्हणत मी मध्यरेषा ओलांडली आणि चार पावलांतच माझा दम सुटला. बाद! पाठोपाठ उरलेला गडीही गेला. आमच्यावर लोण चढला आणि प्रतिपक्षाला दोन गुण जास्तीचे मिळाले. सामना आम्ही दोनच गुणांनी हरलो.

त्या रात्री आबा ओट्यावर जागेच होते. तरुणपणी तेही हुतूतू खेळलेले. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “बाद झालेल्या गड्यानं काय करायचं असतं?”

“बाहेर बसायचं.”

“कुठवर?”

“आपल्यातलं कुणी गुण मिळवीपर्यंत.”

“मग बस की. आधी जेवून घे.”

पहाटे मी पेरणीला गेलो. आबांनी त्या दिवशी रोजाचा गडी सांगितलाच नव्हता.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत या खेळाला पदके मिळू लागली. परदेशी प्रेक्षकांना या खेळातील झटापट आवडली असेल, दम आवडला असेल. मला मात्र त्याचा एकच नियम थोर वाटतो: सोबत्याने प्रतिपक्षाचा गडी मारला, की आपला मेलेला गडी जिवंत होतो. अमेरिकेच्या त्या फुटबॉलमध्येही दहा यार्ड पुढे सरकावयास चार वेळा संधी मिळते. पण तेथे पाडलेला गडी आपला आपणच उठतो. कबड्डीत बाद झालेल्याला स्वतःच्या बळावर उठताच येत नाही. त्याने रेषेबाहेर बसून दुसऱ्याच्या पराक्रमाची वाट पाहावयाची. त्या हंगामात माझ्यासाठी गुण मिळवीत होते ते मैदानावरचे सोबती नव्हेत. ते वरकुट्याच्या शेतात होते, आणि त्यांची मोजदाद कोणत्याच गुणफलकावर झाली नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याचा पुन्हा फोन आला. या वेळी फुटबॉलचे नाव नाही. नोकरीसाठी तीन ठिकाणी गेला, तिन्ही ठिकाणी नकार. “काका, घरच्यांनी माझ्यासाठी एवढं केलं, आणि मी...” पुढे त्याला बोलवेना.

मलाही काही उपदेश सुचेना. थोड्या वेळाने मी विचारले, “जेवलास का?”