रात्री कोणाचा फोन वाजावा

रात्रीची सूचनाबंदी म्हणजे झोपेच्या ठरावीक वेळेत स्मार्टफोनचा आवाज, थरथर आणि पडद्यावर उमटणारा उजेड थांबवणे. मात्र ज्यांचा फोन रात्रीही यायलाच हवा अशी मोजकी माणसे आणि मोजकी कामे तिच्यातून वगळणे. फोनमध्ये ही सोय बहुधा ‘डू नॉट डिस्टर्ब’ किंवा ‘व्यत्यय आणू नका’ या नावाने सापडते. ॲपलने ती 2012 मध्ये आयओएस 6 बरोबर दिली आणि अँड्रॉइडमध्ये 2014 च्या लॉलीपॉप आवृत्तीपासून तिचे पहिले रूप आले. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती मुळातच असते. तिच्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

ही सोय आणि फोन गप्प करण्याचे इतर मार्ग यांत फरक आहे. फोन बंद केला किंवा विमान मोडवर टाकला तर कोणाचाच फोन लागत नाही. ‘सायलेंट’ केला तर सगळेच सारखे गप्प होतात, आणि सकाळी आवाज पुन्हा सुरू करायचा राहिला तर दिवसाचेही फोन हुकतात. ‘व्हायब्रेट’वर ठेवलेला फोन उशीजवळ असेल तर त्याच्या थरथरीनेही जाग येते. सूचनाबंदी ठरल्या वेळी आपोआप सुरू होते, आपोआप संपते आणि माणसामाणसांत फरक करते. शेतकरी घराला या शेवटच्या गुणाची सर्वांत जास्त गरज असते.

झोप एकसारखी नसते. सुमारे दीड तासाचे एक चक्र अशी चार-पाच चक्रे रात्रभर चालतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात असतो, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. झोपलेल्या माणसाचा मेंदू आवाज ऐकत राहतो आणि अर्थ असलेल्या आवाजाला अधिक लवकर प्रतिसाद देतो. पंख्याची घरघर रात्रभर चालते तरी झोप मोडत नाही. संदेशाची बारीकशी ‘टिंग’ मात्र झोपेत शिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत एकेका आवाजाची पातळी 45 डेसिबलच्या पुढे जाऊ नये. आवाजाने जाग आली की हात फोनकडे जातो, डोळ्यांवर उजेड पडतो आणि झोपेला मदत करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे मंदावते. मग संदेश वाचायला अर्धे मिनिट लागले तरी पुन्हा झोप लागायला बराच वेळ जातो. प्रौढाला किमान 7 तास, 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

प्रस्तुत लेखकाचे घर पुसद तालुक्यातील एका खेड्यात आहे. घरी ओलिताची शेती आहे, भावजय आशा स्वयंसेविका आहे, म्हातारे आईवडील आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत आणि एक भाऊ नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. अशा घरात रात्री सगळेच फोन बंद करून निजणे शक्य नाही, कारण रात्रीचे काही फोन खरोखरच कामाचे असतात.

त्यांत पहिला मान लाईनचा. कृषिपंपांना थ्री फेज वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रब्बीत हरभरा आणि गहू ओलवायचा तर रात्रपाळीच्या लाईनची वाट पाहावी लागते. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड असलेला मोबाइल स्टार्टर बसवला की लाईन येताच तो मालकाला फोन करतो. ठरलेला आकडा दाबला की मोटार सुरू होते आणि घरूनच बंदही करता येते. लाईन येताच मोटार आपोआप सुरू करणारे साधे ऑटो स्विचही असतात, पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की रोहित्रावर भार येतो, म्हणून महावितरण ते काढून टाकण्याचे आवाहन करत असते. मोबाइल स्टार्टरमुळे थंडीच्या रात्री वावरातल्या कितीतरी फेऱ्या वाचतात, साप-विंचवाची भीती कमी होते. त्याचा फोन ऐकू आलाच पाहिजे.

दुसरे काम जागलीचे. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला घरातले कोणीतरी रात्री मळ्यात असते. डोंगराकडेच्या गावांत आणि टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला वाघ-बिबट्याचीही धास्ती असते. जागलीवरच्या माणसाचा फोन घरी लागणे हा त्याच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

तिसरे काम आजारपणाचे आणि बाळंतपणाचे. 108 क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून धावते. पण गावातली बाई अडली की पहिला फोन बहुधा आशाताईला जातो, मग रुग्णवाहिकेला. पेशंट यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवायचा असेल तर रात्रीतून तीन-चार फोन होतात. चौथे काम पावसाळ्यातले. 22 जुलै 2023 रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. पैनगंगा, पूस, अरुणावती, अडाण यांच्या काठच्या गावांनी पावसाळ्याच्या रात्री फोन पूर्ण बंद ठेवणे धोक्याचे आहे.

याच्या उलट, रात्री आलेल्या बहुतेक सूचना सकाळपर्यंत सहज थांबू शकतात. लेखकाच्या घरी एकदा सकाळी बसून रात्रीच्या सूचनांची यादी वाचली गेली. त्यात गावच्या, भावकीच्या, शाळेच्या आणि बियाण्यांच्या व्हॉट्सॲप गटांतले संदेश होते, पहाटेची सुप्रभाताची चित्रे होती, नव्या व्हिडिओच्या आणि खेळांच्या जाहिराती होत्या, कर्ज घ्या म्हणणारे संदेश होते. ज्यासाठी उठायला हवे होते असे त्यात फार थोडे होते. यातल्या काहींना नियमांचाही अटकाव आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांनी जाहिरातीचे फोन आणि संदेश रात्री 9 ते सकाळी 9 या वेळेत मना केले होते. 2018 च्या नियमांनी कोणत्या वेळी जाहिराती चालतील हे ग्राहकाला निवडता येऊ लागले, आणि 1909 या क्रमांकावर त्याची नोंद करता येते. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले आहे. छोट्या वित्तसंस्थांच्या सूक्ष्म कर्जांसाठी ही मर्यादा सकाळी 9 आणि संध्याकाळी 6 अशी आणखी कडक आहे. बचत गटातून किंवा छोट्या वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलेल्या बायांना हे नियम ठाऊक असणे गरजेचे आहे, कारण वसुलीच्या फोनाच्या धास्तीने उडालेली झोप फोन गप्प केल्यानेही परत येत नाही.

वर्गवारी करताना घरात तीन याद्या झाल्या. पहिल्या यादीत कधीही वाजावेत असे क्रमांक आले: घरची माणसे, पुण्यातला भाऊ, शेजारचे घर, जागलीला सोबत असणारा भागीदार आणि मोबाइल स्टार्टरचे सिम. दुसऱ्या यादीत हंगामापुरते क्रमांक आले. पावसाळ्यात पोलीस पाटील आणि नदीकाठचे नातेवाईक, रब्बीत लाइनमन. उरलेले सगळे तिसऱ्या यादीत, म्हणजे सकाळी पाहायचे. यादी करताना घरात वाद झाला तो भावकीच्या गटावरून. एखाद्याच्या निधनाची बातमी त्यावरच येते, असे वडिलांचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. अशी बातमी देणारा माणूस गटावर लिहून थांबत नाही, जवळच्यांना फोनही करतो, हे ध्यानात आल्यावर वाद मिटला. पुढे सगळी व्यवस्था याच एका तत्त्वावर उभी राहिली: तातडीचे असेल तर माणूस फोन करतो, संदेश सकाळी वाचला तरी चालतो.

फोनमधली मांडणी सोपी आहे. सेटिंगमध्ये ‘व्यत्यय आणू नका’ उघडून वेळापत्रक लावायचे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते 6. खेड्यात पहाटेच धारा काढायला उठावे लागते म्हणून या घराने 10 ते 5 ही वेळ घेतली. त्यानंतर कॉलच्या भागात फक्त तारांकित संपर्कांना परवानगी द्यायची आणि पहिल्या यादीतल्या क्रमांकांना संपर्कयादीत तारा लावायचा. स्टार्टरचे सिम नावाने जतन केलेले नसेल तर त्याला तारा लावता येत नाही, म्हणून ते आधी ‘मोटार’ अशा नावाने जतन करावे. ‘पुन्हा कॉल करणारे’ ही सोय सुरू ठेवावी: एकाच क्रमांकावरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर अँड्रॉइड तो वाजू देतो, आयफोनमध्ये ही मर्यादा 3 मिनिटांची आहे. अनोळखी क्रमांकावरून कोणी अडचणीत फोन करत असेल तर हीच वाट उपयोगी पडते. संदेश आणि ॲप यांची परवानगी काढावी, गजराची ठेवावी. शेवटी पडदा उजळू नये यासाठीची खूणही करावी, नाहीतर आवाज थांबतो पण अंधाऱ्या खोलीत उजेड पडत राहतो.

एक परवानगी मात्र कधीही काढू नये, ती म्हणजे आपत्तीच्या सरकारी इशाऱ्यांची. मोबाइल टॉवरच्या टापूतील सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठवणाऱ्या सेल ब्रॉडकास्ट यंत्रणेच्या चाचण्या देशात 2023 मध्ये झाल्या. मोठा आवाज करणारा तो चाचणी संदेश अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च दर्जाचा इशारा शांत ठेवलेल्या फोनवरही वाजावा अशी तिची रचना आहे.

प्रत्येकाची सूचनाबंदी सारखी नसते. आशा स्वयंसेविकेला फक्त घरच्यांना तारा लावून भागत नाही. दिवस भरत आलेल्या गरोदर बायांच्या घरचे क्रमांक ती दर महिन्याला यादीत घालते आणि बाळंतपण झाले की काढते. पोलीस पाटील, लाइनमन, रुग्णवाहिकेचा चालक यांनी सगळ्या कॉलना परवानगी ठेवून केवळ संदेश आणि ॲप गप्प करावेत. लिहिता-वाचता कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या फोनची मांडणी घरातल्या तरुणांनी करून द्यावी, आणि ती काय आहे हे त्यांना समजावूनही सांगावे, म्हणजे फोन बिघडला अशी शंका राहत नाही.

मुलांचा प्रश्न सूचनांपुरता नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये याच पुसद तालुक्यातील बांशी गावच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला आणि दंडाचीही तरतूद केली. सरपंच गजानन टाले यांच्या काळातला हा ठराव राज्यभर गाजला. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शिक्षणासाठी हातात आलेला फोन पुढे खेळांसाठी हातातच राहिला, ही त्यामागची चिंता होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 15 ऑगस्टपासून रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. झोपेचा विचार राज्य सरकारलाही करावा लागला: फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत असा आदेश निघाला. गावाचा ठराव आणि सरकारचा आदेश दोन्ही मोलाचे आहेत, पण रात्री अंथरुणात काय चालते ते घरालाच कळते. लेखकाच्या घरी मुलांसाठी नियम एकच आहे: रात्रीचे जेवण झाले की त्यांच्या हाती येणारा फोन मधल्या खोलीत चार्जिंगला लागतो. मोठ्यांचे फोनही तिथेच असतात, म्हणून मुले हा नियम पाळतात.

या व्यवस्थेचा परिणाम हळूहळू दिसतो. आरंभी मधल्या खोलीत जाऊन कोणाचे काही आले का ते पाहण्याची ओढ राहते. काही आठवड्यांत ती ओसरते. मुले सकाळी हाका न मारता उठू लागतात. स्टार्टरचा फोन वाजला की तो लाईनचाच असणार हे ठाऊक असल्याने उठणारा लगेच उठतो आणि बाकीचे निजून राहतात. सगळ्यांत मोठा लाभ म्हणजे रात्री फोन वाजला तर तो खरोखर महत्त्वाचा आहे असा विश्वास घरात तयार होतो.

या उपायाला मर्यादा आहेत. रात्रपाळीची लाईन आहे तोवर शेतकऱ्याची झोप पूर्ण होणार नाही. त्यावरचा खरा इलाज दिवसा वीज हाच आहे, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशही तोच आहे. रेंज नसलेल्या डोंगराळ वस्त्यांत तारांकित क्रमांकही लागत नाहीत. तिथे शेजाऱ्याने दार ठोठावणे हाच भरवशाचा मार्ग राहतो. कर्जाची, पिकाची, बाजारभावाची काळजी कोणत्याही सेटिंगने मिटत नाही.

तरीही जे हातात आहे ते करावे. प्रत्येक घराने एकदा सगळ्यांसमोर बसून रात्री वाजू द्यायचे क्रमांक ठरवावेत, हंगाम बदलला की यादी तपासावी आणि आपण स्वतः रात्री 10 नंतर गटावर संदेश टाकण्याआधी तो सकाळी पाठवला तर काय बिघडेल याचा विचार करावा. दिवसभर राबणाऱ्या माणसाची झोप जपणे ही त्याच्या घराची आणि त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.