आज जीभ बघायची

"डॉक्टर, दादांच्या अंगावरून वारं गेलं," असं सांगत वडवणीकडची माणसं बीडला येतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न वेळेचा असतो: शेवटचं नीट कधी बोलले? गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज साडेचार तासांच्या आतच द्यायचं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल तर. दुसरा प्रश्न त्यांना अवांतर वाटतो: बीपीची गोळी कोणती? बहुतेक वेळा उत्तर येतं, "बारीक, पांढरी." मग घरी राहिलेल्या कुणाला तरी पाकिटाचा फोटो पाठवायला सांगतो.

एनालाप्रिल किंवा रामिप्रिल निघालं तरी इंजेक्शन थांबवत नाही, फोटोची वाटही बघत नाही. सिस्टरांना मात्र बजावतो, आज जीभ बघायची.

अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लाझ्मिन गुठळी तोडतं आणि त्याच वेळी रक्तात ब्रॅडिकायनिनही वाढवतं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. या ब्रॅडिकायनिनचा निकाल लावणारं एन्झाइमच नेमकं या गोळ्या अडवून धरतात. अल्टेप्लेज दिलेल्या शंभरात एक ते पाच जणांचे ओठ किंवा जीभ सुजते, बहुधा लुळ्या पडलेल्या बाजूनंच. खाज नाही, गांधी नाहीत. सूज बहुतेकांची सौम्य असते, पण ती घशाकडे सरकली तर श्वासच अडतो.

आणि ती लपते. लकव्यानं बोलणं आधीच बोबडं झालेलं असतं. आम्ही सगळे हात उचलतोय का, पाय हलतोय का, एवढंच बघत असतो. एका आजोबांच्या वेळी त्यांची सून म्हणाली, "मघापेक्षा जास्तच अडखळायलेत." सिस्टरनं बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावलं. जिभेची उजवी बाजू फुगली होती. ठिबक तिथंच बंद केली. हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल दिलं, भूलतज्ज्ञांना बोलावून घेतलं. ही औषधं आम्ही देतो, पण ती ब्रॅडिकायनिनला थेट रोखत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबून बसणं मला पटत नाही. गुठळी विरघळवणारं औषध अंगात असताना घशात घाईनं नळी घालणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. भूलतज्ज्ञ सूज वाढण्याआधी खाटेशेजारी हवेत. आजोबांची सूज रात्रीतून ओसरली, नळी लागली नाही.

आता अल्टेप्लेजच्या जागी देता येणारं टेनेक्टेप्लेज आलं आहे, पुण्यातली जेनोव्हा ते बनवते. तासभराची ठिबक नाही, एकदाच शिरेतून दिलं की झालं. आमच्यासारख्या ठिकाणी ही फार मोठी सोय आहे. मात्र सूज आली तर बंद करायला ठिबकच उरत नाही, म्हणून बॅटरी आणि नजर दोन्ही पुढचे दोन तास तरी तिथंच हवीत.

त्या आजोबांना घरी सोडताना कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: रामिप्रिल पुन्हा देऊ नये. सुनेला वेगळं सांगितलं, कोनाड्यातली जुनी पाकिटं आधी टाकून द्या, आणि गावातल्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवूनच नवी गोळी घ्या.